समुद्रात औषधांचा खजिना आहे, मग मान्यता मिळालेली समुद्री औषधं इतकी कमी का?

निळाई
'स्पंजात कर्करोगावरचं औषध सापडलं', 'सागरी जिवाणूने मारले हट्टी जंतू' अशा बातम्या मी बरीच वर्षं साठवत आलेय. अधूनमधून मागे जाऊन बघते, त्या रेणूचं पुढे काय झालं? बहुतेकांचा काही पत्ताच लागत नाही.

समुद्री जीवांपासून आजवर तीस हजारांहून जास्त नवी संयुगं वेगळी काढली गेली आहेत. त्यातून प्रत्यक्ष मान्यता मिळालेली औषधं पंधरा-वीसच्या घरात. मातीतल्या बुरशी आणि जिवाणूंनी आपल्याला पेनिसिलिनपासून स्टॅटिनपर्यंत एवढं दिलं, मग पृथ्वीचा सत्तर टक्के भाग व्यापणाऱ्या पाण्याचा हात इतका आखडता का?

माझं मत असं की शोध कमी पडत नाही, शोध लागल्यानंतरचा रस्ता कुठेतरी तुटतो. नेमका कुठे, ते जाणकारांनी लिहावं. अनुभव असतील तर फारच छान.

कुतूहल
वाचतेय. आधी एक बाळबोध प्रश्न. दर वेळी स्पंज आणि गोगलगायीच का? मासे का नाहीत?

सागरतळ
@कुतूहल, बाळबोध कसला, सगळा विषय तिथूनच सुरू होतो. मासा पळू शकतो. स्पंज एका जागी चिकटलेला, मऊ, ना कवच ना नांग्या. तरीही बहुतेक मासे त्याच्या वाटेला जात नाहीत आणि शेजारचा स्पंज त्याच्यावर सहजासहजी चढत नाही. हे काम तो रसायनांवर करतो. त्यातही पाण्यात सोडलेलं काहीही क्षणात विरळ होतं, त्यामुळे अगदी कणभर मात्रेत चालेल असाच रेणू उपयोगी. औषध शोधणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

कोन गोगलगायीचं गणित वेगळं. ती शिकारी आहे, पण सावकाश सरकणारी, आणि भक्ष्य म्हणजे चपळ मासा. एकदा दात रोवला की मासा तिथल्या तिथे थिजला पाहिजे, नाहीतर तो पोहत जाऊन दुसऱ्याच्या पोटात पडणार. म्हणून तिच्या विषात एकाच वेळी शंभराहून अधिक पेप्टाइडं असतात. कुठलं चेतापेशीचं सोडियमचं दार धरतं, कुठलं कॅल्शियमचं.

मी नमुने गोळा करायला पाण्याखाली जात असे. तेव्हा वरिष्ठांनी पहिल्यांदा शिकवलं ते हे, की ज्या मऊ प्राण्याच्या अंगावर काहीच उगवलेलं नाही त्याच्यापाशी थांब. समुद्रात उघडी जागा कुणी मोकळी सोडत नाही. दगड, दोर, बोटीचा तळ, सगळ्यावर काही ना काही चढतं. मग हाच एवढा स्वच्छ कसा?

कुतूहल
बाप रे, अंगावर काटा आला. धन्यवाद!

ओपीडी_नंतर
रक्ताच्या कर्करोगाच्या विभागात काम करतो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सायटॅरबिन हे आमचं रोजचं औषध. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात आजही पहिला उपचार बहुतेकदा 'सात अधिक तीन' असतो: सात दिवस सायटॅरबिन, तीन दिवस डॉनोरुबिसिनच्या घराण्यातलं औषध. डॉनोरुबिसिन मातीतल्या जिवाणूतून आलं आणि सायटॅरबिनची कल्पना स्पंजातून. सात दिवस समुद्र, तीन दिवस माती, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. ते पुन्हा विसरत नाहीत.

मूळ गोष्ट रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमन यांची. फ्लोरिडाजवळच्या उथळ पाण्यातला एक कॅरिबियन स्पंज त्यांनी १९४५ मध्ये गोळा केला. गरम अॅसिटोनमध्ये काढलेल्या अर्कातून स्फटिक मिळाले. ते न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनए-आरएनए ज्यांपासून बनतात तसे साखर जोडलेले रेणू निघाले, पण त्यातली साखर नेहमीची रायबोज नव्हती, अरॅबिनोज होती. १९५०-५१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तोवर सगळे धरून चालले होते की साखरेला हात लावला तर रेणू निकामी होतो. या स्पंजाने दाखवलं की साखर बदललेला न्यूक्लिओसाइड निसर्गातच आहे. त्या धर्तीवर सायटॅरबिन प्रयोगशाळेत बनलं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. पेशी डीएनएची साखळी विणताना फसते, चुकीची साखर घालून बसते आणि विणकाम अडतं.

तेव्हा निळाई, संख्या कमी असेल, पण त्यातल्या एकेका औषधाने वाचवलेली माणसं मोजायला गेलात तर चित्र वेगळं दिसेल.

स्मिता_र
@ओपीडी_नंतर, माझ्या बहिणीला तेच दिलं होतं. सातही दिवस ती पिशवी टांगलेली असायची. ते कुठून आलं हे आज इथे वाचतेय. तिला हा धागा पाठवते. आता ती ठणठणीत आहे.

निळाई
स्मिता, वाचून फार बरं वाटलं. बहिणीला आमच्याकडून शुभेच्छा सांग.

डॉक्टर, तुमचा मुद्दा पटला. पण तुमच्याच गोष्टीत दिसतंय की समुद्राने औषध दिलं नाही, कल्पना दिली. औषध रसायनशाळेत घडलं. हे नेहमीच असं असतं का?

रसायनी
जवळपास नेहमीच. आणि तुमचा रस्ता तुटतो तो बहुतेकदा याच वळणावर. जरा लांबण लावतो, विषय माझ्या पोटापाण्याचा आणि जिव्हाळ्याचाही.

आधी रोजचं काम कसं चालतं ते बघा. स्पंज येतो, तो गोठवून मग मिथेनॉलमध्ये अर्क काढतात. अर्क कर्कपेशींवर किंवा जंतूंवर घालून बघतात. परिणाम दिसला तर अर्काचे कॉलमवर भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा तपासायचा, जो काम करतो त्याचे पुन्हा भाग. शेवटी एचपीएलसी या मिश्रण वेगळं करणाऱ्या यंत्रावर एक शुद्ध शिखर, म्हणजे एकच रेणू, हाती येतं. मग मास स्पेक (रेणूचं वस्तुमान मोजणारं यंत्र) आणि एनएमआर (अणू कसे जोडलेत ते दाखवणारं यंत्र) वापरून रचना उलगडायची. यात सगळ्यात जिवावर येणारा क्षण म्हणजे महिनोन्महिने राबून मिळालेला रेणू कुणीतरी आधीच नोंदवलेला निघणं. म्हणून हल्ली सुरुवातीलाच वस्तुमानाच्या नोंदींशी ताडून ओळखीचे रेणू बाजूला काढतात. त्याला आम्ही डीरेप्लिकेशन म्हणतो.

समजा रेणू नवा निघाला, जबरदस्त निघाला. हातात किती असतो? काही मिलिग्रॅम. रचना काढायला पुरतो. प्राण्यांवरच्या चाचण्यांना पुरत नाही आणि माणसांवरच्या चाचण्यांचं तर नावच काढू नका.

हॅलिकॉन्ड्रिन बी घ्या. जपानमधल्या हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई या स्पंजातून हिराता आणि उएमुरा यांनी १९८६ मध्ये नोंदवला. कर्कपेशींवरचा परिणाम थक्क करणारा. पुढे न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळच्या एका वेगळ्या स्पंजात तो जरा जास्त असतो असं कळलं. तो एक टन काढला. मिळाला किती? सुमारे ३०० मिलिग्रॅम.

ट्रॅबेक्टेडिन या कर्करोगावरच्या औषधाचीही तीच कथा. कॅरिबियन समुद्रातलं एक ट्युनिकेट, म्हणजे पिशवीसारखा मऊ प्राणी, खारफुटीच्या मुळांना आणि खडकांना चिकटून राहणारा. एक ग्रॅम औषधाला अंदाजे एक टन प्राणी. ब्रायोस्टॅटिन या आणखी एका समुद्री रेणूच्या १८ ग्रॅमसाठी ब्रायोझोआ नावाचे शेवाळासारखे दिसणारे प्राणी १३ टनांच्या आसपास काढावे लागले. एका औषधाची वर्षभराची जगाची गरज अशी भागवायची म्हटली तर ती जातच उरणार नाही.

सागरतळ
+१. आणि पुढच्या मोसमात त्याच खडकावर तोच स्पंज काढला तर त्यात तो रेणू असेलच याचीही खात्री नसते. हे प्रत्यक्ष पाहिलंय. खोली बदलली, ऋतू बदलला, शेजारी बदलला की रसायन बदलतं.

कुतूहल
मग ट्रॅबेक्टेडिन मिळतं कसं? एक टनाला एक ग्रॅम असताना?

रसायनी
हा माझा सगळ्यात आवडता भाग.

रसायनशास्त्रज्ञ कोरी यांच्या गटाने १९९६ मध्ये हा रेणू शून्यापासून बांधून दाखवला. रसायनशास्त्र म्हणून अप्रतिम, पण कारखान्यात न्यायला फार लांबचा रस्ता. समुद्रात त्या ट्युनिकेटची शेती करण्याचेही प्रयत्न झाले. शेवटी वाट सापडली ती भलतीकडेच. सुडोमोनास फ्लुओरेसेन्स नावाचा एक जिवाणू सॅफ्रॅसिन बी बनवतो, त्याचा सांगाडा ट्रॅबेक्टेडिनशी बराच जुळतो. जिवाणू टाकीत वाढवायचा, त्याच्याकडून सांगाडा घ्यायचा आणि उरलेल्या पायऱ्या प्रयोगशाळेत. म्हणजे पीठ मळून तयार मिळालं, भाकरी थापून भाजली आपण. अशा मार्गाने ते औषध युरोपात २००७ मध्ये मऊ ऊतींच्या सार्कोमा या कर्करोगासाठी आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झालं.

आता गंमत बघा. त्या ट्युनिकेटमध्येही तो रेणू ट्युनिकेट स्वतः बनवत नाही! त्याच्या अंगात राहणारा एक सहजीवी जिवाणू बनवतो. ब्रायोस्टॅटिनमागेही सहजीवी जिवाणू आहे. डोलास्टॅटिन १० हा रेणू हिंदी महासागरातल्या 'समुद्री ससा' म्हणतात त्या गोगलगायीत सापडला होता, पण तो बनवतात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे जिवाणू. गोगलगाय ते खाते आणि साठवते. थिओनेला स्पंजातल्या कितीतरी संयुगांचा कर्ता एन्टोथिओनेला हा जिवाणू असल्याचं २०१४ मध्ये जनुकांवरून दाखवलं गेलं. म्हणजे कित्येक वर्षं आपण घर फोडत होतो आणि कारागीर आत बसलेला होता.

जरा_हटके
एन्टोथिओनेलाचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

आबा
चर्चा उत्तम. मी निवृत्त शिक्षक आहे, विज्ञान शिकवत असे. मला शार्कच्या कूर्चेच्या गोळ्यांबद्दल विचारायचं आहे. शार्कला कर्करोग होत नाही, म्हणून त्याची कूर्चा खावी, असा एक संदेश आमच्या ज्येष्ठांच्या गटात फिरतो आहे. एक स्नेही आजारी आहेत, ते घेऊ का विचारत आहेत.

ओपीडी_नंतर
आबा, कळकळीने सांगतो, स्नेह्यांना थांबवा. शार्कला कर्करोग होतो. त्यांच्यातल्या गाठींच्या नोंदी आहेत, खुद्द कूर्चेतल्या गाठींच्यासुद्धा. शार्कच्या कूर्चेपासून काढलेल्या एका अर्काची फुप्फुसाच्या कर्करोगात नीट तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली आहे. उपचाराबरोबर तो दिलेले रुग्ण आणि न दिलेले रुग्ण, आयुष्यमानात फरक पडला नाही. गोळ्यांच्या नादात खरा उपचार लांबला तर नुकसान भरून येत नाही. त्यांना त्यांच्या डॉक्टरांशी मोकळेपणी बोलू द्या, लाजायचं काही कारण नाही. काही अडलं तर मला व्यक्तिगत निरोप करा.

सागरतळ
आणि शार्कची पिल्लं कमी, वाढ हळू. या एका अफवेपायी किती मारले गेले असतील याचा विचार केला की त्रास होतो.

आबा
मनःपूर्वक आभार. आजच त्यांच्याशी बोलतो. गटातही हे लिहितो.

खडूस_पण_खरा
सगळं मान्य, पण मूळ मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. हा सगळा खटाटोप करायचाच कशाला? संगणकावर प्रथिनाची रचना घ्या, त्यात बसेल असा रेणू आखा, बनवा. टनभर स्पंज, पाणबुडे, परवाने, काही नको. औषध कंपन्यांनी नव्वदच्या दशकापासून निसर्गातून शोध घेणारे विभाग कमी केले ते काही उगाच नाही.

रसायनी
@खडूस_पण_खरा, विभाग कमी झाले हे खरं. त्याऐवजी लाखो कृत्रिम रेणूंचे साठे उभे राहिले. पण त्या साठ्यांत काय होतं ते पाहिलंत का? सपाट, सोप्या, एकमेकांसारख्या रेणूंची गर्दी. एरिब्युलिन या कर्करोगावरच्या औषधासारखी रचना कुणी कागदावर स्वतःहून काढली नसती. रसायनशास्त्रज्ञ किशी यांच्या गटाने १९९२ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन बी पूर्ण बांधला. तेव्हा कळलं की कामाचा भाग रेणूच्या उजव्या अर्ध्यात आहे. तो अर्धा घेऊन, सुधारून एरिब्युलिन झालं. तरीही साठेक पायऱ्या लागतात! पूर्ण संश्लेषणाने कारखान्यात बनणाऱ्या सर्वात अवघड औषधांत ते मोडतं. अमेरिकेत २०१० मध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्य झालं.

ओपीडी_नंतर
त्या औषधाच्या मोठ्या चाचणीत, बरेच उपचार आधीच घेऊन झालेल्या स्त्रियांमध्ये, मध्यक आयुष्यमान १०.६ महिन्यांवरून १३.१ महिन्यांवर गेलं. बाहेरून अडीच महिने दिसतात. त्या टप्प्यावर आयुष्य खरोखर वाढवणारं औषध मिळणं किती दुर्मीळ असतं, हे त्या खोलीत बसल्यावर कळतं.

खडूस_पण_खरा
आकडा दिलात ते बरं केलंत. संगणक मात्र मी सोडत नाही. :) स्पंजाने कल्पना द्यावी, पुढचं यंत्राने करावं.

रसायनी
यावर आपलं जमलं म्हणायचं. आता जिवाणूंचे जनुकसंच वाचून कुठल्या जनुकसमूहातून कसला रेणू निघेल याचा अंदाज बांधतात, म्हणजे तुमचं यंत्र आणि माझा समुद्र एकाच टेबलावर.

मुक्ता_विधी
परवान्यांचा उल्लेख वर घाईत झाला, तो जरा थांबून बघायला हवा. १९९२ च्या जैवविविधता करारापूर्वी कुणीही कुणाच्याही किनाऱ्यावरून नमुने उचलून नेत असे. त्या करारानंतर देशाच्या जैविक संपत्तीवर त्या देशाचा हक्क मान्य झाला. नागोया प्रोटोकॉल २०१० मध्ये झाला आणि २०१४ पासून लागू आहे. आधी संमती, मग नमुना, आणि लाभ झाला तर वाटा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडच्या पाण्याचं काय, हा प्रश्न फार वर्षं लोंबकळत होता. त्यासाठीचा करार संयुक्त राष्ट्रांत २०२३ मध्ये स्वीकारला गेला, त्यात सागरी जनुकीय संपत्तीच्या लाभाची वाटणीही आहे.

संशोधक कागदपत्रांना वैतागतात हे मला माहीत आहे. पण ज्यांच्या खडकावरचा स्पंज आहे त्यांच्या हाती काहीच पडू नये, हे मला तरी मान्य नाही.

सागरतळ
@मुक्ता_विधी, कागदांनी आमचे मोसम हुकतात, तरीही तुमच्या बाजूने मत. स्थानिक संशोधक बरोबरीने सामील असले की काम चांगलं होतं. कोन गोगलगायीवर आयुष्य घालवणारे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा मूळ फिलिपिन्सचे. मायदेशी परतल्यावर महागडी उपकरणं नव्हती, म्हणून हाताशी असलेल्या गोगलगायींकडे वळले. पुढे अमेरिकेतल्या युटामध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने सुचवलं की विषाचे घटक उंदराच्या थेट मेंदूत टोचून बघू. प्रत्येक घटकाने उंदीर वेगळं वागला! कुणी झोपला, कुणी थरथरला. मायकेल मॅकिंटॉश यांनी अगदी विद्यार्थिदशेत वेगळ्या काढलेल्या २५ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडापासून झिकोनोटाइड आलं. अमेरिकेत २००४ मध्ये मान्य.

कुतूहल
वेदनाशामक ना? मॉर्फिनपेक्षा हजारपट प्रभावी असं वाचलंय. मग सगळ्यांना का देत नाहीत?

ओपीडी_नंतर
ते मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात पंपाने थेंबथेंब सोडावं लागतं, त्यासाठी पंप बसवावा लागतो. गोळी घेऊन चालत नाही. गोंधळ, भास, मनःस्थिती बिघडणं असे दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून मात्रा फार हळू वाढवतात. पण मॉर्फिनची सवय लागते तशी याची लागत नाही, आणि बाकी सगळं थकल्यावर ज्याला लागू पडतं त्याचं आयुष्य बदलतं.

मधुमेहींसाठी एक जोड. कोनस जिओग्राफस ही गोगलगाय पाण्यात इन्सुलिन सोडते, माशांची साखर घसरते आणि ते सुस्तावतात. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या इन्सुलिनचे रेणू सहा-सहाच्या गठ्ठ्यात जमतात आणि ते सुटायला वेळ लागतो. हिच्या इन्सुलिनमध्ये गठ्ठा बांधणारा भागच नाही. म्हणून ते पटकन काम करतं. त्यावरून झटपट काम करणारं मानवी इन्सुलिन आखण्याचं संशोधन चालू आहे.

निळाई
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण माझ्या कात्रणांतल्या रेणूंचं काय? पुरवठ्याचा प्रश्न सुटला, तरी ते थांबले. असं का?

रसायनी
कारण पुढे माणसाचं शरीर आहे. डिस्कोडर्मोलाइड घ्या. खोल समुद्रातल्या स्पंजातला. एका कंपनीने चक्क ६० ग्रॅम बांधला, तेही ३९ पायऱ्यांत. रसायनशास्त्राच्या बाजूने पराक्रमच. माणसांवरच्या चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यातच फुप्फुसांना इजा दिसली आणि काम थांबलं. सॅलिनोस्पोरामाइड बहामातल्या गाळातल्या जिवाणूपासून. तो टाकीत वाढवता येतो, पुरवठ्याची अडचणच नाही. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगात तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचला, तिथे आयुष्य वाढलं नाही.

डोलास्टॅटिन १० तर चाचण्यांत हरलेलाच. औषध म्हणून फार विषारी, मात्रा वाढवायला जागाच नाही. पण त्याच घडणीचा एमएमएई हा रेणू बनवून प्रतिपिंडाला बांधला, असा की गाठीतल्या पेशीत शिरल्यावरच सुटेल. त्यातून २०११ मध्ये हॉजकिन्स लिम्फोमासाठी ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन आलं. नंतर पोलाटुझुमॅब, एन्फोर्टुमॅब. नावात 'व्हेडोटिन' दिसलं की त्या समुद्री सशाची आठवण काढायची. तेव्हा निळाई, तुमची कात्रणं फेकू नका. पंधरा-वीस वर्षांनी त्यातलं एखादं वेगळ्या नावाने परत येऊ शकतं.

ओपीडी_नंतर
एक भर. या यादीत कर्करोगच जास्त का? कारण पेशी मरते की नाही हे ताटलीत तपासणं सोपं होतं आणि पैसाही तिकडेच होता. तेच अर्क जंतू, बुरशी, वेदना यांच्यावर तितक्या चिकाटीने तपासले गेले असते तर आजची यादी वेगळी दिसली असती, असं मला ठामपणे वाटतं. सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकांची मूळ बुरशी ब्रोट्झू यांना १९४५ मध्ये सार्डिनियात, सांडपाणी समुद्राला मिळतं तिथेच सापडली होती.

जरा_हटके
ती समुद्राच्या खात्यात धरायची की गटाराच्या? :)

सागरतळ
समुद्राच्या! आम्ही सोडणार नाही.

कुतूहल
शेवटचं विचारते. माझी भाची बारावीत आहे, हा धागा तिला वाचून दाखवला. तिला यातच पडायचंय. पाणबुडी व्हावं की रसायनशास्त्र घ्यावं?

रसायनी
रसायनशास्त्राचा पाया पक्का करायला सांगा, विशेषतः सेंद्रिय. त्याबरोबर सूक्ष्मजीवशास्त्र आणि जनुकसंच वाचायला लागणारं प्रोग्रॅमिंग. बहुतेक सागरी जिवाणू अजून प्रयोगशाळेत वाढवताच आलेले नाहीत. जो ते वाढवायला शिकेल त्याच्याकडे पुढची तीस वर्षं काम आहे.

सागरतळ
आणि पोहणं आत्तापासून. पाणबुडीचं प्रशिक्षण नंतर जमतं, पाण्याची भीती आधी जायला हवी. तिला माझा आयडी द्या, काय वाचायचं ते सांगेन.